लर्चर कुत्र्याचा संकर : कामावरून निवड व कागदांवरून ओळख

इंग्लंडांतील शिकारीवरचीं जुनीं पुस्तकें, कोरीव चित्रें व कायद्यांच्या छापील प्रती आपल्याकडील संग्राहकांच्या हातीं अधूनमधून येत असतात. त्यांत 'लर्चर' हा शब्द आढळला म्हणजे यादी करणारा त्यापुढें "कुत्र्याची एक जात" असा खुलासा लिहून सहज मोकळा होतो. हा खुलासा बरोबर नाहीं. लर्चर ही जात नव्हे. तो कामासाठीं मुद्दाम केलेला संकर आहे. त्याची एक बाजू बहुधा ग्रेहाउंडची, म्हणजे नजरेनें सावज हेरून वेगानें गांठणाऱ्या कुत्र्याची असते; दुसरी बाजू कामाप्रमाणें बदलते. ही दुसरी बाजू कशी निवडीत व कां, हें समजल्यावांचून जुन्या लेखांचा अर्थ नीट लागत नाहीं व चित्रांतील जनावरहि ओळखतां येत नाहीं. यास्तव त्या निवडीचीं तत्त्वें व तीं ज्या कागदांत दिसतात ते कागद, असे दोन्ही एकत्र मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

१. कायद्यांतील पुरावा

या विषयाच्या आरंभीं कॅन्यूट राजाचा एक कायदा पुढें करण्याची रूढी आहे. हलक्या स्थितीच्या माणसानें ग्रेहाउंड बाळगूं नये, असें त्यांत कलम असून तो १०१६ च्या सुमाराचा म्हणून दिला जातो. संग्राहकांनीं येथेंच सावध व्हावें. तो लेख कॅन्यूटचा नसून १२ व्या शतकांत त्याच्या नांवावर रचिलेला बनावट लेख आहे, हें लीबरमान या जर्मन पंडितानें १८९४ सालीं दाखवून दिलें. त्यावरून १२ व्या शतकांतील राखीव रानांच्या अधिकाऱ्यांची वृत्ति कळेल. ११ व्या शतकांतील स्थिति कळणार नाहीं.

अस्सल कागद पुढचे आहेत. १२१७ च्या वनसनदेंत राखीव रानांतील रहिवाशांच्या कुत्र्यांविषयीं नियम आहे. कुत्र्यास सावजामागें धांवतां येऊं नये म्हणून, तळव्याची गादी न कापतां, पुढील पायाचीं तीन नखें तोडावीं. ज्याच्या कुत्र्याचीं नखें शाबूत आढळतील त्यानें ३ शिलिंग दंड भरावा. दुसऱ्या रिचर्डच्या १३ व्या राज्यवर्षांतील (१३८९-९०) कायदा याहून स्पष्ट आहे. वर्षास ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या गृहस्थानें, तसेंच १० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्या धर्मोपदेशकानें शिकारी कुत्रा, जाळें किंवा फेरेट (बिळांतून ससे हुसकण्यासाठीं पाळलेलें मुंगसासारखें लहान जनावर) ठेवूं नये. ठेविल्यास एक वर्ष कैद. १६७१ च्या शिकार-कायद्यानें ही मर्यादा फार वर नेली. ज्याला स्वतःच्या मालकीच्या जमिनीचें वर्षास १०० पौंड, किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याचें १५० पौंड उत्पन्न नाहीं, त्याला, थोडे अपवाद वगळतां, शिकारीचीं साधनें बाळगण्याची बंदी झाली. त्या साधनांच्या यादींत ग्रेहाउंड व लर्चर हीं दोन नांवें निरनिराळीं दिलीं आहेत. उत्पन्नाची ही अट १८३१ च्या कायद्यानें उठली.

या यादीचें महत्त्व दुहेरी आहे. एक, लर्चर म्हणजे ग्रेहाउंड नव्हे, हें त्या काळच्या कायदेकर्त्यांस ठाऊक होतें. दुसरें, जें साधन निरुपयोगी असतें त्यावर बंदी घालण्याची तसदी कोणी घेत नाहीं. ग्रेहाउंड लांबूनहि ओळखूं येतो. मेंढपाळाच्या दारांत पडलेला केसाळ कुत्रा ओळखूं येत नाहीं. दिवसा मेंढ्यांमागें व रात्रीं सशामागें जाणारा कुत्रा पैदा करण्यास या कायद्यांनींच उत्तेजन दिलें असावें, असें आम्हांस वाटतें. शब्दाचा इतिहासहि याला धरूनच आहे. १६ व्या शतकांत 'लर्चर' म्हणजे भुरटा चोर. कुत्र्याला हें नांव १७ व्या शतकाच्या उत्तरार्धांत मिळालें.

२. कामाचें वर्णन

नांव पडण्यापूर्वींच काम अस्तित्वांत होतें. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनीं स्विस पंडित गेस्नर याच्यासाठीं लिहिलेला ब्रिटिश कुत्र्यांवरील लॅटिन ग्रंथ १५७० मध्यें प्रसिद्ध झाला व फ्लेमिंग यानें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १५७६ मध्यें निघालें. त्यांत 'चोर कुत्रा' असा एक प्रकार दिला आहे. धन्यानें सांगतांच हा रात्रीं बाहेर पडतो, वासावरून ससे शोधतो व भुंकून धन्याचें नुकसान करीत नाहीं. पुढें १७९० मध्यें न्यूकॅसलचा प्रसिद्ध काष्ठ-उत्कीर्णक बेविक यानें चतुष्पादांवरील आपल्या ग्रंथांत लर्चरचें चित्र व वर्णन दिलें. ग्रेहाउंडहून लहान पण पायानें बळकट, अंगावर राठ केस, रंग बहुधा फिका पिवळसर, नाक तीक्ष्ण, आणि सशाच्या कुरणांत शिरतांना आवाज न करणारा, असें तें वर्णन आहे. दोन्ही ठिकाणीं वेगाचें कौतुक मुख्य नाहीं. मौन, नाक व आज्ञाधारकपणा हे गुण पुढें आहेत. आणि शुद्ध ग्रेहाउंडमध्यें नेमके हेच उणे असतात.

३. निवडीचें तत्त्व

ग्रेहाउंड थोड्या अंतरांत ताशीं सुमारें ४० मैल वेग गांठतो. परंतु त्याची कातडी पातळ असल्यामुळें कांटेरी कुंपणांत फाटते, बोटें नाजूक असल्यामुळें खडकाळ जमिनींत दुखावतात, लांब धांवेंत दम पुरत नाहीं आणि सावज नजरेआड झालें कीं काम थांबतें. दुसऱ्या कुत्र्याचें रक्त मिसळून या उणिवा भरतात, पण वेग कमी होतो. म्हणून संकर निवडणें म्हणजे कोणता गुण मिळवावयाचा एवढेंच ठरविणें नव्हे. त्यासाठीं किती वेग सोडावयाचा हें ठरविणें होय. आधीं सावज, मग जमीन, आणि शेवटीं कुत्रा, असा क्रम ठेविला पाहिजे.

इंग्लंडांत ससे दोन प्रकारचे आहेत. 'हेअर' उघड्या रानांत राहतो, मोठा असतो व लांबवर पळतो. 'रॅबिट' बिळांत राहतो. त्याला बिळाकडे पोंचण्याच्या आंत पकडावें लागतें. पहिल्यासाठीं दम लागतो. दुसऱ्यासाठीं झटका, वळण व समज लागते.

कॉलीचा संकर. मेंढपाळी कुत्रा दुरून हुकूम घेतो, त्याचे पाय टणक व केस दाट असतात, आणि दिवसभर श्रम करूनहि तो थकत नाहीं. रात्रींच्या निःशब्द कामाला याहून योग्य जोड नाहीं. मात्र निम्म्या रक्ताचा कुत्रा उघड्यावर मंद पडतो. तो वेगापेक्षां युक्तीनें, सावजाची वाट अडवून काम साधतो.

बेडलिंग्टन टेरियरचा संकर. नॉर्थंबरलंडच्या खाणकामगारांनीं वाढविलेला हा लहान, लोंकरी केसांचा व जिद्दी कुत्रा आहे. ग्रेहाउंड किंवा त्याहून लहान व्हिपेट यांच्याशीं त्याचा संकर झाडोऱ्यांतून बिनधास्त शिरतो. फेरेटनें बिळांतून ससा हुसकला कीं तोंडाशीं टपून बसलेला हा कुत्रा त्याला धरतो. जेथें शेतें लहान व कुंपणें दाट, तेथें उंच कुत्र्यापेक्षां हा बरा.

डिअरहाउंडचा संकर. हा स्कॉटलंडचा हरणांमागचा मोठा कुत्रा. याच्या संकराला उंची, दम व राठ केस मिळतात. परंतु अरुंद जागेंत त्याला चटकन् वळतां येत नाहीं. बिळांतल्या सशासाठीं हें बळ वायां जातें.

सालुकीचा संकर. पश्चिम आशियांतील हा नजरेनें शिकार करणारा कुत्रा ग्रेहाउंडइतका वेगवान् नसला तरी त्याचा दम मोठा व पाय घट्ट. इंग्लंडच्या पूर्वेकडील सपाट, विस्तीर्ण शेतांत 'हेअर'मागें लांब धांवण्यास तो संकर वापरीत. तो उशिरा शहाणा होतो आणि हांकेला येईलच असें नाहीं.

४. रक्ताचें प्रमाण

विक्रेते 'अर्धा', 'पाऊण' अशीं प्रमाणें सांगतात. शुद्ध ग्रेहाउंड व शुद्ध कॉली यांचीं पिल्लें बरींचशीं एकमेकांसारखीं निघतात. परंतु दोन लर्चरांचा संबंध केल्यास एकाच वेतांत कोणी ग्रेहाउंडसारखा, कोणी कॉलीसारखा, असे प्रकार होतात. मेंडेलच्या नियमांप्रमाणें हें अपेक्षितच आहे. म्हणून प्रमाणाचा आंकडा सरासरी सांगतो. हातांतील पिल्लाचे गुण सांगत नाहीं. आईबाप दोघेहि प्रत्यक्ष काम करतांना पाहणें, हीच खरी परीक्षा.

रोगांचाहि विचार करावा. कॉलीच्या कुळांत कांहीं औषधें, विशेषतः आयव्हरमेक्टिन, सहन न होण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. त्याचें मूळ २००१ मध्यें सांपडलें. संकरांतहि तो उतरतो, यासाठीं औषधापूर्वीं तपासणी करणें इष्ट. बेडलिंग्टनमध्यें यकृतांत तांबें साठण्याचा विकार आहे. तो दोन्ही बाजूंनीं आला तरच प्रकट होतो. म्हणून पहिल्या संकरांत तो दिसत नाहीं, पण त्या संकराचा पुन्हा बेडलिंग्टनशीं संबंध केल्यास दिसूं शकतो.

५. आजची स्थिति व संग्राहकांस सूचना

इंग्लंड व वेल्समध्यें २००४ च्या कायद्यानें, १८ फेब्रुवारी २००५ पासून, कुत्र्यांकरवीं वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास बंदी झाली. बिळांतले ससे व उंदीर यांस जमीनमालकाच्या संमतीनें मुभा आहे. 'हेअर' व हरीण यांच्यामागें कुत्रे सोडून पाठलाग करणें हा गुन्हा आहे. त्यामुळें तेथें आज कामासाठीं निवड करणारानें सालुकी व डिअरहाउंड यांचा मोह सोडून कॉली, बेडलिंग्टन किंवा व्हिपेट यांच्या संकराकडे पाहणें सयुक्तिक ठरतें. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें असा प्रश्न उरलेलाच नाहीं.

संग्राहकांस या निवडीचा उपयोग कालनिर्णयासाठीं आहे. 'बेडलिंग्टन टेरियर' हें नांव १८२५ च्या सुमारास रूढ झालें. सालुकीची इंग्लंडांतील नियमित पैदास १८९५ नंतरची व तेथील केनेल क्लबची मान्यता १९२३ ची. म्हणून १८ व्या शतकांतील चित्राखालीं हीं नांवें आढळल्यास तीं मागाहून लिहिलेलीं समजावीं. त्या काळच्या राठ केसांच्या लर्चरांत मेंढपाळी कुत्र्याचें रक्त मानणें अधिक सुरक्षित आहे.

दक्षिणेंतहि नांवांचा हा घोळ आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकांतील ग्रंथांत शिकारी कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. म्हणजे कुत्र्यांची पारख हा आपल्याकडेहि जुना विषय आहे. आणि दख्खनच्या सडपातळ धांवत्या कुत्र्याला एका नोंदणी-संस्थेच्या वहींत कारवानी म्हणतात, तर दुसरीच्या वहींत मुधोळ. दोन नांवें दिसलीं म्हणून दोन जाती मानणें आणि 'लर्चर' हें एक नांव दिसलें म्हणून एक जात मानणें, या दोन्ही चुका एकाच प्रकारच्या आहेत.

ग्रेहाउंड बाळगणाऱ्या सरदारांनीं त्यांच्या वंशावळी लिहविल्या. लर्चर बाळगणाऱ्या शेतमजुरानें कांहीं लिहिलें नाहीं; लिहिणें त्याला धोक्याचेंच होतें. त्याच्या कुत्र्याचा माग दंडाच्या कलमांत व जप्तीच्या यादींतच काढावा लागतो. असा एखादा कागद हातीं आल्यास केवळ 'कुत्रा' म्हणून नोंद न करितां, मूळ शब्द, वर्ष व सोबत धरलेलें साहित्य जसेंच्या तसें उतरून ठेवावें, एवढी विनंति करून हें टिपण पुरें करितों.