तोफेच्या पल्ल्यातील वस्ती

नाशिक रोड आणि त्याला लागून असलेली देवळाली ही नावे भारतीय सैन्यात तोफखान्याशी कायमची जोडलेली आहेत. नाशिक रोड कॅम्पच्या तोफखाना केंद्रात नवे जवान तोफची म्हणून तयार होतात, तर काकुलहून देवळालीला आलेल्या तोफखाना विद्यालयात अधिकाऱ्यांना अचूक माऱ्याचे शास्त्र शिकवले जाते. युद्धात नागरिकांचा मृत्यू नैतिकदृष्ट्या कधी समर्थनीय ठरतो काय, हा जुना प्रश्न या शास्त्रातील एका प्राथमिक गोष्टीपाशी आला की अधिक बोचरा होतो. एकाच तोफेतून, एकाच कोनात, सारख्या वजनाचे गोळे लागोपाठ सोडले तरी ते एकाच जागी पडत नाहीत. दारूचे तापमान, नळीची झीज आणि वरच्या थरांतील वारा यांमुळे ते लक्ष्याभोवती विखुरतात, आणि पल्ला वाढला की हे विखुरणेही वाढते. १५५ मिलिमीटरचा साधा गोळा सुमारे ४३ किलो वजनाचा असतो व फुटल्यावर त्याच्या पोलादी ठिकऱ्या आजूबाजूच्या माणसांना दूरवर गाठतात. शत्रूचे ठाणे वस्तीला खेटून असेल, तर वस्तीत एकही गोळा पडणार नाही अशी हमी कितीही कसलेला तोफची देऊ शकत नाही.

अशा मृत्यूचा विचार करण्यासाठी युरोपातील धर्मचिंतकांनी जी मांडणी केली, तिला दुहेरी परिणामाचा सिद्धांत म्हणतात. तिचे मूळ तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणविषयक विवेचनात सापडते. एखाद्या योग्य कृतीतून अनिष्ट परिणामही होणार हे आधी दिसत असले, तरी तो परिणाम कर्त्याचा हेतू नसेल, हेतू साधण्याचे साधनही नसेल आणि साध्याच्या मानाने अवाजवी नसेल, तर ती कृती क्षम्य ठरू शकते, असे हा सिद्धांत सांगतो. १९४९च्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या पूरक करारात यातील शेवटच्या अटीसारखाच नियम कायद्याच्या भाषेत आला: अपेक्षित प्रत्यक्ष लष्करी लाभाच्या तुलनेत नागरिकांची हानी अवाजवी होईल असा हल्ला निषिद्ध. भारत या पूरक करारात सहभागी नाही. मात्र हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानला जातो. एक पूल आणि त्याच्याजवळ राहणारी कुटुंबे कोणत्या मापाने तोलायची, हे मात्र कोणताही करार सांगत नाही.

या मांडणीतील कळीची अट साधनाची आहे, आणि तिची कसोटी पाहण्यासाठी मराठी वाचकाला ड्रेस्डेन किंवा हिरोशिमापर्यंत जाण्याची गरज नाही. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरले आणि पुढे १७५१ पर्यंत त्या प्रांतावर स्वाऱ्या होत राहिल्या. सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वारास बारगीर म्हणत. बंगाली लोकांच्या स्मरणात हेच ‘बर्गी’ गावे जाळणारे, माणसे मारणारे व स्त्रियांवर अत्याचार करणारे म्हणून उरले. गंगाराम या समकालीन बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त याचे तपशीलवार वर्णन आहे. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खणायला घेतलेला मराठा खंदक याच भीतीतून आला. अखेर बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने वार्षिक बारा लाख रुपये चौथ मान्य केली आणि ओरिसाही भोसल्यांच्या हाती गेला. म्हणजे मोहीम यशस्वी झाली. पण येथे शेतकऱ्याचा जीव लढाईच्या ओघात चुकून गेला नव्हता, त्याची होरपळ हाच नवाबाला नमवण्याचा मार्ग होता. त्यामुळे चौथाईचा राजकीय हक्क खरा मानला तरीही या मृत्यूंचे समर्थन होऊ शकत नाही. मराठी इतिहासकथनात १७४४ साली वाटाघाटीस बोलावून केलेल्या भास्करपंतांच्या खुनाची चीड जेवढी दिसते, तेवढी बर्द्वानच्या जळालेल्या गावांची दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

याउलट १९९९च्या कारगिल युद्धात तोफखान्याने मिळवलेला लौकिक नैतिकदृष्ट्या तुलनेने निर्वेध राहिला, त्याचे एक कारण भूगोलात आहे. बोफोर्स तोफांचा मारा झाला तो वस्ती नसलेल्या शिखरांवर. वस्ती होती ती खाली कारगिल आणि द्रासमध्ये, आणि तिच्यावर पाकिस्तानी तोफा आग ओकत होत्या. यांपैकी तोलोलिंग शिखराच्या उतारावर गाव असते तर हिशेब बदलला असता. तेव्हा मायकेल वॉल्झर या अमेरिकी विचारवंताची अट लागू झाली असती: नागरिकांना मारण्याचा हेतू नव्हता एवढे म्हणणे पुरेसे नाही, त्यांचा धोका कमी करण्यासाठी सैनिकाने स्वतःवर काही जादा धोका घेतला पाहिजे. पायदळाला पुढे पाठवून मारा कमी करणे, ठाण्याजवळ निरीक्षक पोचेपर्यंत थांबणे, असा तो धोका असतो. मात्र त्याची मर्यादा कोठे, हे वॉल्झरही आकड्यात सांगत नाही, आणि आपले जवान गमावणाऱ्या सेनापतीला ही अट अन्यायाची वाटणे स्वाभाविक आहे.

उपग्रहांच्या साह्याने लक्ष्यावर जाणारा एक्सकॅलिबर गोळा भारताने घेतल्यापासून वाद आणखी एका ठिकाणी सरकला आहे. हा गोळा लक्ष्याच्या काही मीटरांच्या आत पडू शकतो, पण साध्या गोळ्याच्या अनेकपट महाग असल्यामुळे त्याचा साठा बेताचाच राहतो. वस्तीजवळच्या ठाण्यावर साधा गोळा टाकल्यास तोफेच्या मर्यादेचे जुने कारण आता पुरत नाही. महागडे गोळे कोणत्या आघाडीसाठी राखून ठेवले आणि का, याचे उत्तर आदेश देणाऱ्याकडे मागावे लागते.