विश्लेषण : इंजिन बदललेली ट्रॅक कार वळणावर दगा का देते? ऑइल आणि स्टीअरिंगमध्ये कोणते बदल करावे लागतात?

जुन्या, हलक्या गाडीत मोठे इंजिन बसवून ती रेस ट्रॅकवर पळवण्याचा छंद जगभर आहे. चर्चा होते ती हॉर्सपॉवरची. मात्र अशा गाड्यांचे इंजिन बहुधा सरळ रस्त्यावर नव्हे, तर वळणावर निकामी होते आणि त्याचे कारण ताकद नसून ऑइल असते. दुसरा धोका स्टीअरिंगचा. इंजिन निकामी झाले तर खर्च होतो, स्टीअरिंग निसटले तर जीव जातो. म्हणूनच या दोन व्यवस्थांमधील बदल समजून घेणे महत्त्वाचे.

इंजिन स्वॅप म्हणजे काय?

एका मॉडेलचे इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये बसवणे म्हणजे इंजिन स्वॅप. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूची ई-३० ही ऐंशीच्या दशकातील थ्री सिरीज. युरोप, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत या गाडीत नव्वदच्या दशकातील एम-५० हे अडीच लिटरचे, सहा सिलिंडरचे, १९२ हॉर्सपॉवरचे इंजिन बसवले जाते. दोन्ही एकाच कंपनीचे. तरीही ते जसेच्या तसे बसत नाही. इंजिनाच्या तळाचे ऑइल चेंबर गाडीच्या आडव्या क्रॉसमेंबरला अडते. त्यामुळे ई-३४ या फाइव्ह सिरीजचे चेंबर आणि त्याची ऑइल ओढणारी नळी लावावी लागते. थोडक्यात, इंजिन बदलताच ऑइलच्या व्यवस्थेलाही हात घालावा लागतो.

वळणावर ऑइल नेमके कुठे जाते?

चेंबरमधील ऑइल तळाशी साचते आणि पंप ते नळीने वर ओढतो. गाडी जोरात वळली की ऑइल बाहेरच्या बाजूला चढते. ताटातील आमटी ताट उचलून वळताना एका काठाला जाते, तसेच हे. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हणजे १ जी झाला तर ऑइलची पातळी ४५ अंशांत तिरपी होते. रस्त्यावरच्या वापरात हा जोर क्वचितच इतका वाढतो. ट्रॅकचे चिकट टायर लावल्यावर मात्र तो सहज गाठता येतो. मग नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. ६,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. म्हणजे दोन सेकंदांच्या वळणात २०० फेऱ्या कोरड्या. त्यामुळे लहान वळणांपेक्षा लांबलचक, वेगवान वळणे अधिक घातक. तुर्कस्तानमधील इस्तंबूल पार्कचे प्रसिद्ध आठवे वळण हे त्याचे टोकाचे उदाहरण.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा पुरेसा का नाही?

हा दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावरच पेटतो. ट्रॅकवर मात्र दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय प्रेशर हवे, असा ठोकताळा वापरला जातो. म्हणजे ६,००० आरपीएमला ६० पीएसआय लागत असताना ते २० वर आले, तरी दिवा शांतच. म्हणून स्वतंत्र प्रेशर सेन्सर, ठळक इशारा दिवा आणि शक्य असल्यास नोंद ठेवणारा डेटा लॉगर बसवतात. सरळ रस्त्यावर प्रेशर चांगले आणि ठरावीक वळणावर घसरण असे दिसले, तर दोष पंपाचा नसून ऑइल सरकण्याचा आहे हे लगेच कळते.

मग चेंबरमध्ये काय बदलतात?

सर्वात स्वस्त आणि पहिला उपाय म्हणजे बॅफल. नळीच्या तोंडाभोवती पत्र्याच्या भिंती उभारून त्यांना एकाच दिशेने उघडणारी छोटी दारे बसवतात. ऑइल आत येते. पण वळणावर बाहेर पळू शकत नाही. काही जण नुसते ऑइल थोडे जास्त भरतात. तात्पुरता उपयोग होतो. मात्र प्रमाण वाढले तर फिरणारा क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही.

एम-५० कुटुंबातील इंजिनांचा आणखी एक माहितीतला दोष आहे. ऑइल पंपाचे चाक धरून ठेवणारा नट सतत उच्च आरपीएमवर सैल होऊ शकतो. तो निघाला की प्रेशर क्षणात शून्य. चेंबर उघडलेले असतानाच या नटाला तारेने बांधून पक्के करतात.

बॅफलने भागले नाही तर?

पुढचा टप्पा म्हणजे ॲक्युम्युलेटर. हा एक सिलिंडर असतो. त्यात एका बाजूला दाबाखालची हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल आणि मध्ये पिस्टन. प्रेशर घसरले की हवा ऑइलला इंजिनात ढकलते. सुमारे तीन लिटरचा हा साठा काही सेकंदांची उणीव भरून काढतो. अखेरचा उपाय म्हणजे ड्राय संप. यात ऑइल चेंबरमध्ये साठवतच नाहीत. पंपाचे अनेक टप्पे ते ओढून उंच, अरुंद टाकीत नेतात. २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये हीच रचना कंपनीतूनच दिली होती. खर्च मोठा असल्याने छंद म्हणून गाडी पळवणारे बहुतेक जण बॅफल, ॲक्युम्युलेटर आणि ऑइल कूलर यांवर थांबतात.

स्टीअरिंगला इंजिनाचा अडथळा कसा होतो?

स्टीअरिंगचा दांडा इंजिनाच्या शेजारून खाली रॅकपर्यंत जातो. एम-५० चा एक्झॉस्ट उजव्या बाजूला आहे. डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत दांड्याला त्याचा त्रास नसतो. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा भारतासारख्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मात्र दांडा नेमका तापलेल्या मॅनिफोल्डजवळ येतो. रबरी कपलिंग तिथे टिकत नाही. त्याऐवजी धातूचा युनिव्हर्सल जॉइंट, उष्णतेपासून आडोसा आणि वेगळ्या आकाराचा मॅनिफोल्ड लागतो. दोन जॉइंट वापरले तर त्यांचे काटे योग्य कोनात जुळवावे लागतात, नाहीतर चाक फिरवताना ते कधी हलके, कधी जड लागते. इंजिन रबरी माउंटवर हलते, हे धरूनच मोकळी जागा सोडायची असते.

रॅक का बदलतात?

ई-३० चे स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास चार फेरे घेते. घसरलेली गाडी सावरताना इतके हात फिरवायला वेळ नसतो. झेड-३ चा रॅक हेच काम सुमारे पावणेतीन फेऱ्यांत करतो. मात्र तो बसवताना उंची चुकली तर चाक खड्ड्यात वरखाली होताना आपोआप वळू लागते. यालाच ‘बंप स्टीअर’ म्हणतात. म्हणून रॅक बसवल्यावर सस्पेन्शन वरखाली करून चाकाची दिशा मोजणे अनिवार्य.

पॉवर स्टीअरिंग काढले तर चालते का?

उच्च आरपीएमवर पॉवर स्टीअरिंगचे तेल उकळू शकते. त्यासाठी छोटा कूलर लावतात. काही जण पंप काढून टाकतात. मात्र केवळ पट्टा काढला तर रॅकमधील तेलच चाकाला विरोध करते. त्यामुळे रॅक उघडून आतले सील काढावे लागते. त्यातही वेगवान रॅक विनापॉवर जडच लागतो. मधला मार्ग म्हणून ओपल ॲस्ट्रासारख्या गाड्यांचा विजेवर चालणारा पंप वापरतात.

भारतात अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्यामुळे अशा गाडीची जागा चेन्नईजवळील मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे यांसारख्या ट्रॅकवरच, तीही ट्रेलरवरून नेऊन. आणि तिथेही खर्चाचा क्रम एकच : आधी ऑइल, मग स्टीअरिंग आणि ब्रेक. हॉर्सपॉवरचा नंबर त्यानंतर.