डिले आणि पाऊण ठोका

यू-टूच्या ‘द जोशुआ ट्री’मधलं (१९८७) पहिलंच गाणं ऐका. द एज गिटारवर वाजवतो त्याच्या जवळजवळ दुप्पट सूर ऐकू येतात. कसे? सोयीसाठी मिनिटाला १२० ठोके धरू. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. ठोक्याला दोन सूर, म्हणजे दर २५० ला एक. आता डिले लावा ३७५ वर, पाऊण ठोक्यावर. प्रत्येक प्रतिध्वनी पुढच्या दोन सुरांच्या बरोबर मधे पडतो. २५० वर लावलात तर तो पुढच्या सुराखालीच दडपेल!

काहीजण म्हणतात, ही सगळी यंत्राची करामत. मला नाही पटत. ड्रमर जरा पुढेमागे झाला की वीण उसवते, कारण डिले कुणासाठी थांबत नाही. म्हणून तर अशा गाण्यांना ड्रमर कानात क्लिक लावून बसतात.