भेंडीचा केवडा व पांढरी माशी

शेलू परिसरात भातकापणीनंतर भेंडी लावणाऱ्या शेतकरी बंधूंस केवडा रोगाची ओळख करून द्यावयास नको. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळ पिवळट व राठ निघते. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालीच झाली.

पांढऱ्या माशीने रोगट पानाचा रस शोषला की विषाणू तिच्या पोटात उतरतो. त्याचे प्रथिनाचे कवच आतड्याच्या पेशींत परवान्यासारखे चालते. त्याच्याच बळावर तो आतड्याची भिंत ओलांडून शरीरद्रवातून लाळग्रंथींत पोचतो. या प्रवासास काही तास लागतात; पुढे माशी बहुधा मरेपर्यंत रोग पसरवीत राहते. रोगट झाडावर औषध मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. असे झाड भल्या सकाळी, माशी सुस्त असतानाच, उपटून जाळावे.