गुडघेदुखीचा लिलाव आणि नाकारलेले पेटंट

‘गुडघेदुखी’ हा शब्द लिहून मोबाइलवर शोध घेतला की यादीत सगळ्यात वर येणाऱ्या एक-दोन ओळींजवळ बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. शोध सांताक्रूझमधून घेतला असेल तर तिथे बहुधा आसपासचेच एखादे क्लिनिक दिसते. ते उत्तम आहे म्हणून वर आलेले नसते. शब्द लिहून होताच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, त्या जागेचा लिलाव झालेला असतो.

या लिलावाच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळावे, असा अर्ज झाला होता. त्याला हरकत घेतली ती सांताक्रूझहून चर्चगेटच्या दिशेने तिसऱ्या स्थानकावर, माहीमला, कार्यालय असलेल्या रेडिफ या कंपनीने.

मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या ‘गोटू डॉट कॉम’ची. १९९८ मध्ये या कंपनीने शोधाच्या यादीतल्या जागा विकायला काढल्या. जाहिरातदाराने एखाद्या शब्दावर बोली लावायची, जास्त बोलीवाला वर आणि पैसे मोजायचे ते कुणी जाहिरातीवर क्लिक केले तरच. ३१ जुलै २००१ रोजी या पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळाले. कंपनीचे नाव बदलून ‘ओव्हर्चर’ झाले, २००२ मध्ये तिने गूगलवर दावा लावला आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर, ऑगस्ट २००४ मध्ये, गूगलने याहूला आपले २७ लाख शेअर देऊन हा वाद मिटवला. ज्या धंद्यावर पुढे गूगलचे साम्राज्य उभे राहिले, त्याचा एका अर्थी हा खंड म्हणायचा.

गूगलने या लिलावात एक मोठा फेरफार केला होता. नुसती बोली न पाहता लोक त्या जाहिरातीवर क्लिक करण्याची शक्यता किती, हेही जोखले जाते. सोपे करून सांगायचे तर, समजा एका क्लिनिकने ४० रुपयांची बोली लावली आणि त्याची जाहिरात पाहणाऱ्या शंभरांतले दोघे क्लिक करतात. दुसऱ्याची बोली २५ रुपये, पण क्लिक करणारे चौघे. बोली आणि क्लिकचा गुणाकार पहिल्याचा ८०, दुसऱ्याचा १००. म्हणजे कमी बोलीचा दुसरा वर जातो. शिवाय त्याला पूर्ण २५ मोजावे लागत नाहीत, पहिल्याला मागे टाकण्यापुरते म्हणजे २० रुपयांच्या किंचित वर पुरतात. प्रत्यक्षातले गणित याहून बरेच गुंतागुंतीचे आहे, पण धाटणी हीच.

आरोग्याच्या बाबतीत नेमकी इथेच मेख आहे. ‘तपासणीनंतरच उपचार ठरतील’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या जाहिरातीपेक्षा ‘शस्त्रक्रियेविना खात्रीशीर आराम’ हे शब्द बोट ओढून घेतात. जास्त क्लिक, म्हणून वरची जागा आणि तीही स्वस्तात. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मात्र तो कायदा झाला तेव्हा जाहिरात म्हणजे सगळ्यांना दिसणारी भिंत किंवा वर्तमानपत्राचे पान होते. आज ती एकाच माणसाला, एकदाच दिसून नाहीशी होऊ शकते. तक्रार करायला पुरावा तरी कुठून आणायचा?

भारतात पेटंटचा प्रश्न कलम ३(के) वर अडला. २००३ पासून लागू असलेल्या या कलमानुसार गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. ‘निव्वळ’ हा शब्द फक्त प्रोग्रामच्या मागे आहे, त्यामुळे यंत्राशी जोडून काही तांत्रिक परिणाम साधणाऱ्या सॉफ्टवेअरला वाट काढता येते. व्यवसायपद्धतीला तीही सोय नाही. ही वाट रुंद करण्याचा प्रयत्न २००४ च्या वटहुकुमात झाला होता, पण २००५ मध्ये संसदेने तो बदल कायद्यात येऊ दिला नाही. पेटंट कार्यालयाने याहूचा अर्ज फेटाळला, याहू अपिलात गेली आणि डिसेंबर २०११ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने तो निर्णय कायम ठेवला. तंत्र कितीही चलाख असले तरी ही धंदा करण्याचीच रीत आहे, असा त्याचा आशय होता.

मुंबईला हे नवे नाही. नावात सांताक्रूझ मिरवणारे, पण वसलेले अंधेरीत, ते ‘सीप्झ’ १९७३ चे. तिथून सॉफ्टवेअरची निर्यात वाढली ती पेटंटच्या नव्हे, कॉपीराइटच्या आधाराने. कॉपीराइट लिहिलेल्या प्रोग्रामला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. तोच परिणाम तुम्ही वेगळ्या प्रोग्रामने साधलात तर कुणी अडवू शकत नाही. जागा विकण्याची रीत एकाच कंपनीच्या हाती गेली असती, तर रेडिफसारख्या देशी कंपन्यांना आपल्याच अंगणात परवानगी मागावी लागली असती.

पण या निकालाला दुसरी बाजू आहे. पेटंट हा सौदा असतो. वीस वर्षांच्या मक्तेदारीच्या बदल्यात शोध कसा चालतो ते उघड लिहून द्यावे लागते. डबलक्लिक या कंपनीचे १९९९ चे अमेरिकी पेटंट आजही कुणालाही वाचता येते आणि वाचकाला ओळखून, त्याने काय पाहिले याची नोंद ठेवून जाहिरात कशी निवडावी, हे त्यात रेखाटनांसह सापडते. पेटंट मिळणार नसेल तर कंपन्या पद्धत व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवतात. कोणत्या क्लिनिकला किती गुण मिळाले, ते बाहेरच्या कुणालाही कळत नाही.

आजाराच्या आधारे माणूस हेरून जाहिरात दाखवायला गूगलचे स्वतःचे नियम मनाई करतात. मेटानेही २०२२ मध्ये आरोग्यविषयक निवडीचे पर्याय काढले. शोधाच्या यादीत मात्र माणूस हेरावाच लागत नाही, त्याने आपले दुखणे स्वतःच लिहिलेले असते. २०२३ चा भारतीय डिजिटल माहिती संरक्षण कायदा मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना बंदी घालतो, पण आरोग्याच्या माहितीसाठी त्यात वेगळा संवेदनशील वर्ग नाही. ग्राहकाच्या हाती तूर्त आहे ते ‘प्रायोजित’ ओळीशेजारचे तीन ठिपके. त्यांवर बोट ठेवले की जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याचे नाव आणि ठिकाण दिसते.