जाहिरातीतले औषध आणि आपला प्रयोगाचा प्लॉट



या सदरात आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, सरीतले अंतर, खोडव्याची निगा असे विषय घेत असतो. या अंकातला विषय वेगळा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचल्यावर तोही आपल्याच शिवारातला आहे हे आपणास पटेल.

गेल्या हंगामात, ऐन तोडणीच्या गर्दीत, आमच्या गट कार्यालयात एक जुने सभासद आले. वय साठीच्या पुढे, मधुमेह दहा वर्षांचा. हातात एक रंगीत पत्रक होते. म्हणाले, "साहेब, हे जरा वाचून बघा. दवाखान्याच्या गोळ्या बंद करून हे चूर्ण चालू करावं म्हणतो. अभ्यासानं सिद्ध झालंय म्हणे." पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की तीन महिन्यांत बहुतेक रुग्णांची साखर उतरली. आमच्यासमोर तोडणी प्रोग्रामचा गोंधळ चालू होता. आम्ही म्हणालो, "डॉक्टरांना विचारा, काका." एवढे बोलून पुढच्या माणसाकडे वळलो.

दोन-अडीच महिन्यांनी कळले की पायाची जखम चिघळून काकांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि एक बोट काढावे लागले. गोळ्या त्यांनी बंदच केल्या होत्या. गोळ्या बंद केल्यामुळेच हे झाले असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, हेच या लेखात सांगायचे आहे. पण त्या दिवशी दहा मिनिटे काढून ते पत्रक त्यांच्याबरोबर नीट वाचले असते तर बरे झाले असते, ही रुखरुख आम्हास आहे. म्हणून हा लेख.

आमची स्वतःची एक चूक

दुसऱ्याच्या चुका काढण्याआधी आपली सांगावी. नोकरीत नवीन असताना आम्ही एका टॉनिकची शिफारस केली होती. विक्रेत्याने एका बागायतदाराचा फवारलेला प्लॉट दाखवला. ऊस कसा, तर बघत राहावे असा! शेजारचा न फवारलेला प्लॉट पिवळट. आम्ही भुललो. पुढे लक्षात आले की फवारलेला प्लॉट विहिरीलगतचा, मळीचे खत पडलेला. दुसरा चोपण जमिनीतला, पाटाच्या शेवटच्या टोकाचा. टॉनिकचे श्रेय किती आणि जमीन-पाण्याचे किती, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

वैद्यकीय अभ्यासातही हीच फसगत होते. फरक एवढाच की तिथे प्लॉटच्या जागी माणसे असतात.

पहिला प्रश्न : तुलनेचा प्लॉट कुठे आहे?

काकांच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरांत होते की रुग्णांना चूर्ण दिले आणि सोबत पथ्य व रोज चालण्याचा सल्ला दिला. चूर्ण न देता नुसते पथ्य आणि चालणे सांगितलेला दुसरा गट नव्हताच. मग साखर चूर्णाने उतरली की चालण्याने? पथ्य पाळून आणि रोज चालून साखर उतरते, हे तर डॉक्टर नेहमीच सांगतात.

आणखी एक गोष्ट. माणूस नव्या औषधाकडे वळतो केव्हा, तर साखर फार चढलेली असते तेव्हा. चढलेले माप पुढच्या वेळी बऱ्याचदा आपोआप थोडे खाली येते. ज्या वर्षी ऊस सगळ्यात कमी पडला त्याच्या पुढच्या वर्षी काहीही न करता थोडा जास्त येतो, तसेच हे. म्हणून 'आधी इतकी होती, नंतर इतकी झाली' हा पुरावा होत नाही. शेजारी तुलनेचा गट पाहिजे.

दुसरा प्रश्न : वाटणी कोणी केली?

तुलनेचा गट असला म्हणून भागत नाही. विहिरीलगतचा प्लॉट औषधाला आणि चोपण प्लॉट तुलनेला, असे व्हायला नको. यावर उपाय म्हणजे वाटणी चिठ्ठीने करायची, आपल्या मर्जीने नाही.

सभासदांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ही रीत शेतीच्या प्रयोगात रुजली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाचे शेती संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे गणिती कामास लागले. जमिनीचा कस जागोजागी बदलतो, तेव्हा कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठीने ठरवा आणि तोच प्रयोग अनेक वाफ्यांत पुन्हा करा, असे त्यांनी मांडले. आजही ऊस संशोधन केंद्रांवर वाणाची वा खताची चाचणी याच पद्धतीने होते.

हीच रीत पुढे माणसांच्या औषधाला लागली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतली व तिचे निष्कर्ष १९४८ साली छापले. युद्धानंतरचा काळ, औषध फार थोडे. सर्वांना पुरणार नव्हते, म्हणून वाटणी बंद पाकिटातील चिठ्ठीने केली. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे केवळ विश्रांती. छातीचे फोटो ज्यांनी तपासले त्यांना कोणता फोटो कोणत्या गटातला हे सांगितले नव्हते. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. असा निकाल असेल तर 'औषधाने गुण आला' असे म्हणायला आधार आहे.

तिसरा प्रश्न : काट्यावर काय आले?

उसाला युरिया जास्त दिला की तो हिरवागार दिसतो, उंच वाढतो. सभासद खूश. पण पुढे ऊस लोळतो, साखर उतारा घसरतो. बिल निघते ते काट्यावरच्या टनावर. हिरवेपणाचे बिल कोणी देत नाही.

वैद्यकातही हिरवेपणा आणि काटा वेगळे असतात. अमेरिकेत हृदयाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना ठोके अनियमित पडू नयेत म्हणून एनकेनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे देत. ठोके सुधारत होते, हे कागदावर स्पष्ट दिसत होते. मग साधारण १५०० रुग्णांवर चिठ्ठीने वाटणी करून चाचणी झाली. १९८९ साली ती या औषधांपुरती मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली पूर्ण आकडे छापले गेले, ते असे की औषधाच्या गटात ६३ मृत्यू आणि बिनऔषधाच्या गोळीच्या गटात २६. गट जवळजवळ सारखे होते. ठोके सुधारले, पण माणसे जास्त गेली.

म्हणून पत्रकात 'रक्तातील अमुक घटक सुधारला' असे असेल तर विचारावे, की त्यामुळे झटके कमी झाले का, डोळे-मूत्रपिंड वाचले का, आयुष्य वाढले का? काट्यावर काय आले?

चौथा प्रश्न : टक्के कशाचे?

आता हे जरा सावकाश वाचा. समजा, खोडकिडीवरचे औषध 'कीड निम्म्यावर आणते'. ज्या शेतात शंभरातले ४० कोंब जातात तिथे २० वाचले, म्हणजे पैसे वसूल. पण ज्या शेतात शंभरातले दोनच जातात तिथे वाचला एक. 'निम्मे' हा शब्द दोन्हीकडे खरा, हिशेब मात्र वेगळा.

अमेरिकेत लिपिटर या कोलेस्टेरॉलच्या गोळीची जाहिरात होत असे. ती गोळी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी करते, असे मोठ्या अक्षरांत असे. हा आकडा खोटा नव्हता. २००३ साली छापलेल्या, रक्तदाब असलेल्या १० हजारांवर रुग्णांच्या चांगल्या चाचणीतून तो आला होता. पण तळाची बारीक अक्षरे सांगत की खोट्या गोळीच्या गटात १०० पैकी ३ जणांना झटका आला, लिपिटरच्या गटात १०० पैकी २ जणांना. म्हणजे सुमारे सव्वातीन वर्षे गोळी घेतलेल्या शंभरांत एकाचा झटका टळला.

इथे गैरसमज नको. ती गोळी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा धोका मुळात जास्त, त्याला फायदाही जास्त. डॉक्टरांनी दिली असेल तर चालू ठेवावी. सांगायचे एवढेच, की टक्का दिसला की 'शंभरात आधी किती आणि नंतर किती' हे दोन आकडे मागावेत. ते न देणाऱ्याचा टक्का हिशेबात धरू नये.

पाचवा प्रश्न : कोणाला वगळले, किती दिवस पाहिले?

ज्यांनी मध्येच औषध सोडले त्यांचे काय झाले? चांगला अभ्यास त्यांचाही हिशेब देतो. जळालेला, लोळलेला ऊस वगळून उरलेल्या उसाची सरासरी काढली तर प्रत्येक सभासद विक्रमवीरच ठरेल.

आणि मुदत? वर सांगितलेल्या स्ट्रेप्टोमायसिनचाच पुढचा भाग ऐका. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषधाच्या गटातील ५५ पैकी ३२ आणि दुसऱ्या गटातील ५२ पैकी ३५ जण दगावलेले होते. सहा महिन्यांचा मोठा फरक बराचसा पुसला गेला, कारण जंतू एकट्या औषधाला दाद देईनासे झाले. त्यातूनच क्षयावर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली. मधुमेह तर जन्माचा सोबती. त्याच्या औषधाची परीक्षा तीन महिन्यांत पुरी होत नाही.

सहावा प्रश्न : नुसते निरीक्षण की प्रयोग?

जे लोक गाजर, पालेभाज्या भरपूर खातात त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, असे पूर्वी अनेक पाहण्यांत आढळले. त्यावरून भाज्यांतील बीटा-कॅरोटीनच्या गोळीने कर्करोग टळेल असा तर्क निघाला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर खरा प्रयोग केला, चिठ्ठीने वाटणी करून. १९९४ साली निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्के जास्त आढळला. भाज्या खाणारा माणूस बाकीच्या बाबतींतही जपून वागतो. ते श्रेय गोळीच्या खात्यात जमा धरले गेले होते. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याचा ऊस चांगला असतो, पण त्याची माती, बेणे आणि लक्षही चांगले असते, तसेच हे.

मापाडी कोणाचा?

अभ्यासाचा खर्च औषध विकणाऱ्यानेच केला म्हणून तो लगेच खोटा ठरत नाही. मोठ्या चाचण्यांना पैसा लागतो आणि बहुधा तो कंपन्यांकडूनच येतो. पण काटा विकणाऱ्याचा असेल तर दुसरीकडेही वजन करून पाहावे, हा व्यवहार आपणास ठाऊक आहे. भारतात २००७ पासून औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे आणि २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंद करणे बंधनकारक झाले. नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. काय मोजणार हे त्यात आधी लिहिलेले असते, म्हणून नंतर सोयीचे तेवढेच दाखवणे अवघड जाते. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना ती शोधायला सांगावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक रोगांवर हमखास इलाजाच्या जाहिराती रोखण्यासाठी देशात १९५४ सालीच कायदा झाला. म्हणजे ही पत्रके नवी नाहीत.

आमचा कोणत्याही औषधपद्धतीशी वाद नाही. आयुर्वेद असो, अॅलोपॅथी असो, आजीचा काढा असो, प्रश्न सर्वांना सारखेच विचारायचे. जे खरे असेल ते टिकेल.

सभासदांना विनंती

एक, कोणतेही पत्रक वाचून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. नवे काही घ्यायचे असले तरी आधी डॉक्टरांना दाखवावे. दोन, मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत पाहावे. शेतात अनवाणी जाऊ नये. पाचटाची काडी लागली तरी कळत नाही, कारण पायाची संवेदना गेलेली असते. तीन, असे पत्रक हाती आले तर गट कार्यालयात घेऊन यावे. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण तुलनेचा प्लॉट आहे की नाही, एवढे बारीक अक्षरांतून शोधून नक्की दाखवू. हंगाम चालू असला तरी.

काका आता बरे आहेत, गोळ्या नियमित घेतात. परवा आडसाली लागणीची नोंद द्यायला आले होते. खिशातून एका नव्या खताचे पत्रक काढून म्हणाले, "साहेब, ह्यात तुलनेचा प्लॉट कुठं दिसत नाही." आम्ही पत्रक पाहिले. खरोखरच नव्हता.

आपला,
ऊस विकास अधिकारी