शीचा रंग

रक्त पातळ आहे, राहू दे, असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बाहेरच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. मुंबईतल्या एका रुग्णालयाचा हा लहान मुलांचा अतिदक्षता विभाग. पलंगावर 10 महिन्यांचं बाळ. काल त्याला आईच्या यकृताचा डावीकडचा तुकडा बसवलाय. पोटावर आडवी मोठी पट्टी, कुशीतून ड्रेनच्या नळ्या, मानेत एक लाइन, मनगटात दुसरी. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर 2 च्या वर. प्लाझ्मा देऊन तो खाली आणावा, असं कुणालाही वाटेल. इथे रक्तस्राव नसेल तर हात लावत नाहीत. हिमोग्लोबिनही 8-9 वर चालवून घेतात. यकृताला रक्त पुरवणारी धमनी या वयात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तिच्यात गुठळी झाली तर नवं यकृत हातचं जातं. पहिले एक-दोन आठवडे ही भीती सर्वांत जास्त.

म्हणून रोज डॉप्लर. रेडिऑलॉजीच्या मॅडम पट्टीच्या कडेने प्रोब फिरवतात आणि खोलीतले सगळे कान देतात. धमनीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो, पोर्टल शिरेचा सलग, वाऱ्यासारखा. दोन्ही ऐकू आले की मॅडम नुसतं ‘ओके’ म्हणतात आणि सिस्टर वेळ लिहून घेते.

आजाराचं नाव बिलिअरी अट्रेझिया. यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजतात, पित्त आत साचतं, यकृत कडक होत जातं. घरी दिसणारी ठळक खूण: शी पिवळी न होता पांढुरकी, शाडूच्या रंगाची होते. पित्ताला आतड्यात वाट करून देणारी शस्त्रक्रिया जपानच्या मोरिओ कसाई यांनी शोधली; ती दोन महिन्यांच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते. पण ‘बाळांना कावीळ असतेच, कोवळ्या उन्हात धरा’ यात आठवडे निघून जातात. या बाळाचेही गेले. तैवानमध्ये 2004 पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेबरोबर शीच्या रंगांचं कार्ड देशभर दिलं जातं. कागदाचा एक तुकडा! आपल्याकडे प्रत्येक आईच्या हातात तो का नसावा, याचं पटेल असं उत्तर मला सुचत नाही.

रात्रपाळीची सिस्टर केरळची. मराठी बोलते ती हेल काढून. दर तासाला लघवी मोजायची, ड्रेनमध्ये किती आलं आणि कसं आलं ते लिहायचं. लालसर पाणी फिकट होत गेलं तर उत्तम. “हिरवं दिसलं की सरांना उठवायचं, रात्रीचे 3 वाजले तरी,” ती म्हणाली. हिरवं म्हणजे पित्त गळतंय. लॅक्टेट उतरतंय, एसजीओटी वर जाऊन खाली वळलंय, आयएनआर आपसूक कमी होतोय: नवं यकृत कामाला लागल्याचं त्यावरून कळतं.

व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर बाळ रडलं, पण घसा बसल्यामुळे आवाजच फुटेना. आईला वरच्या मजल्यावरून व्हीलचेअरवर आणलं, पोटाला पट्टा बांधून. तिला वाकता येत नव्हतं. सिस्टरने पलंगच वर केला. “ताई, हात लावा, काही होत नाही.” मग डायपर उघडून दाखवला. पिवळी शी. इतक्या महिन्यांत ती माउली हे पहिल्यांदाच बघत होती. ती हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून पोट धरून थांबली.

पुढचा धडा वडिलांचा. टॅक्रोलिमस दर 12 तासांनी, घड्याळाच्या काट्यावर. जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं हे औषध शरीराला परकं यकृत नाकारू देत नाही. कमी पडलं तर यकृताला धोका, जास्त झालं तर मूत्रपिंडाला. रक्तातली पातळी सकाळचा डोस देण्याआधी तपासायची. पपनस द्यायचं नाही, त्याने पातळी चढते. वडील सिरिंजमध्ये पाणी भरून मिलिलिटरच्या रेघा मोजत बसले होते.

आजीचा प्रश्न वेगळाच. “अकरावा लागेल आता. जावळ काढायचंय, देवीला.”

“देवळात आत्ता नको, आजी. गर्दी असते. काही महिने थांबा.”

“मग घरी काढू. पण मांडी मामाचीच लागते.”

डॉक्टरांनी केसपेपरवरून मान वर केली. “मामाला सर्दी नसेल तर येऊ दे.”